पंगतीतले फोन आणि नाल्याकाठचं घर

डॉ. कुंदाताई धोटे यांची आणि माझी ओळख भंगारावरून झाली. सौंसरला बाजारात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. घरोघरी डिशच्या छत्र्या लागल्या तेव्हा लोकांनी छपरावरचे जुने अँटेने उतरवले आणि फेकवत नाही म्हणून माझ्या दुकानामागे आणून टाकले. अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांच्या त्या ढिगावरून घरची मंडळी मला रोज बोलत. एका दुपारी सुती साडीतल्या एक बाई आल्या. मला काही न विचारता त्या ढिगाभोवती फिरल्या, आणि एकेक काडी उचलून, एक डोळा मिटून, ती सरळ आहे का ते पाहू लागल्या.

मी गल्ल्यावरूनच म्हणालो, "बाई, न्यायचं असन तं सारंच उचला. निवडून नाही भेटत."

"सारं कायले? मले सरळ काड्या पाह्यजे. वाकड्या तुमच्याजवळ राहू द्या."

"सरळ काड्यायचं काय करता जी? टमाट्याले आधार देता?"

"अँटेना करणार आहे."

"अँटेनेच तं होते ते. लोकायनं काढून फेकले."

"एकएकटे होते म्हणून फेकले," हातातली काडी खाली न ठेवता त्या म्हणाल्या. "मी ह्यायले मिळून काम कराले लावणार आहे."

बाईंना शोधत घरचं कोणीतरी येईल, तोवर त्यांना उन्हात उभं ठेवू नये, अशा विचारानं मी स्टूल पुढे केला आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत मला कळलं की या बाईंनी नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आयुष्यभर मुलांना अँटेनेच शिकवले आहेत, आणि निवृत्तीनंतर त्या पांढुर्ण्याला राहायला आल्या आहेत. चहा संपेपर्यंत त्यांच्या पिशवीत काड्या होत्या आणि मी त्यांचा विद्यार्थी झालो होतो. तो आजपर्यंत आहे.

ताईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी ग्रंथाच्या संपादक मंडळाला म्हटलं की माझी शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते उघड्या रेडिओच्या पोटात बोटं घालून शिकलो. ताईंच्या संशोधनाबद्दल त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी प्राध्यापक लिहितीलच. मी आपला जे समोर पाहिलं तेवढं लिहितो.

ताईंचा जन्म लोधीखेड्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. शाळा सौंसरला झाली, पुढचं सगळं नागपूरला. त्यांच्या अभ्यासाचा विषय स्मार्ट अँटेना. हे नाव ऐकून मी विचारलं होतं, "अँटेनाही हुशार असते काय?" त्या म्हणाल्या, "हुशारी एकाची नसते, मेळाची असते." मग त्यांनी मला समजावलं ते असं. साधा अँटेना म्हणजे अंगणातला बल्ब. त्याचा उजेड ज्याला हवा त्याच्याकडे जातो आणि ज्याला नको त्याच्याही डोळ्यांत जातो. त्याऐवजी पुष्कळ छोटे अँटेने एका पाटीवर रांगेत बसवायचे आणि कोणी केव्हा जोर लावायचा ते ठरवून द्यायचं. मग सगळ्यांचा जोर मिळून एका दिशेला जातो. इंग्रजीत त्याला बीमफॉर्मिंग म्हणतात. आम्हाला सांगताना ताई 'झोत' म्हणत. फोनवर बोलणारा चालू लागला की पाटी जागची हलत नाही, झोत मात्र त्याच्यामागे सरकतो. आणि तो कुठे आहे हे पाटीला कळतं कसं, तर आपल्याला बाजारात मागून हाक आली की कळतं तसं. एका कानाला आवाज आधी पोचतो, दुसऱ्याला मागून, तेवढ्यावरून आपण बरोबर मान वळवतो. आपल्याला कान दोन. पाटीला पुष्कळ.

माझ्या दुकानामागच्या अंगणात त्या सरळ काड्यांचे नमुने उभे राहिले. ताई पांढुर्ण्याहून बसनं येत, पदर खोचून स्क्रू पिळत आणि चुकलं की सांगत. चूक माझी असली तरी आवाज चढत नसे आणि त्यांची स्वतःची असली तरी दडत नसे. "हे माझं चुकलं, रामभाऊ, उकला," असं म्हणून त्यांनी स्वतःचं दिवसभराचं काम माझ्याकडून उकलवून घेतलेलं मी पाहिलं आहे.

त्यांच्या मायेचा एक प्रसंग सांगतो. माझ्या पत्नीचं ऑपरेशन नागपूरला होतं. ताई सकाळीच डबा घेऊन दवाखान्यात हजर. मी बाकावर बसून हात चोळत होतो. त्यांनी पिशवीतून एक ट्रान्झिस्टर काढून माझ्या मांडीवर ठेवला. "हा बंद पडला आहे. जरा पाहता का?" म्हणून तो उघडायला पेचकस पण दिला. मी उघडला, शोधत बसलो, आणि आतून 'सगळं ठीक झालं' असा निरोप आला तेव्हा कुठे मला तुटलेली तार सापडली. ती तार आपोआप तुटली नव्हती, कोणीतरी हलक्या हातानं ओढलेली होती. मी ताईंना त्याबद्दल कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही. त्या दिवशी मात्र तो ट्रान्झिस्टर दवाखान्याच्या व्हरांड्यात बारीक आवाजात चांगला वाजला.

आता बोरपाणीची गोष्ट. ताई कशा आहेत हे मला कोणी विचारलं तर मी हीच सांगतो.

लोधीखेड्याच्या पुढे टेकड्यांच्या वाटीत हे गाव बसलं आहे. कापूस आणि संत्रा ही तिथली शेती. फोन सगळ्यांकडे, पण घरात कोणाचंच बोलणं धड होत नसे. टेकडीवरच्या मोठ्या टॉवरचा आवाज खाली गावात तुटत तुटत यायचा. त्यातल्या त्यात मारुतीच्या ओट्यावर बरं लागायचं, म्हणून अख्खं गाव फोन घेऊन ओट्यावर. संत्र्याचा सौदा तिथूनच, सोयरिकीची बोलणी तिथूनच, सासर-माहेरची भांडणंही तिथूनच. त्यामुळे गावात कोणाचं काही झाकलेलं राहत नव्हतं.

ताईंचा एक विद्यार्थी, निखिल, एका मोबाइल कंपनीत अभियंता आहे. त्या कंपनीला अशा खोलगट गावांसाठी छोटी हुशार पाटी लावून पाहायची होती. निखिलनं बोरपाणी सुचवलं आणि सल्लागार म्हणून ताईंचं नाव दिलं. बोली अशी होती की पाटी पसंत पडली तर गावातच राहील, नाही पडली तर उचलून दुसरीकडे जाईल. कंपनीचे साहेब शेवटी एकदा येऊन पाहणार होते, पण त्याआधी अहवालावर ताईंची सही लागणार होती.

पाटी शाळेच्या छपरावर बसवायची ठरली. तिचा सांगाडा मी केला. माझ्या सवयीनं मी चांगला उंच पाइप घेऊन गेलो, कारण जितकं उंच तितकं चित्र साफ, हे माझं जन्माचं ज्ञान. ताई म्हणाल्या, "रामभाऊ, उंच गेलं की त्या टॉवरचा गोंगाटच जास्त ऐकू येईल. आपल्याला गावाचं ऐकायचं आहे." पाइप मी गुपचूप परत नेला.

पाटी लागताना गाव जमलं होतं. सरपंच देवरावजी यांनी विचारलं, "मॅडम, हे करते काय?" ताईंनी त्यांना शाळेच्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसायला सांगितलं. सरपंच संकोचले, पण बसले. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला मी. पहिल्यांदा दोघांनी मेळ साधून झोके दिले तेव्हा सरपंच निंबाच्या पानांपर्यंत गेले आणि त्यांची टोपी पडली. मग ताईंनी मला उलट ढकलायला लावलं. त्या पुढे लोटत तेव्हा मी मागे. झोका जागच्या जागी मेला.

"जोर दोघांनीही तेवढाच लावला," ताई म्हणाल्या. "मेळानं लावला तं चढला, उलटा लावला तं मेला. ही पाटी तेच करते. गावाकडे आपला आवाज चढवते. आणि त्या मोठ्या टॉवरचा गोंगाट ज्या बाजूनं येते, तिकडून कान बंद करून घेते."

सरपंच टोपी झटकत म्हणाले, "म्हणजे तुमी माह्यावर प्रयोग केला."

"गावाचा पहिला मान तुमचाच नं जी."

पाटी सुरू झाली आणि लोक आपापल्या ओसरीवरून बोलू लागले. मारुतीच्या ओट्यावर मारुती एकटा उरला. निखिलनं सगळं तपासलं, त्याच्या संगणकावर सगळं उत्तम दिसलं. गाव खूश, कंपनी खूश. सरपंचांनी जाहीर करून टाकलं की साहेब येतील त्या दिवशी मारुतीला रोडगे करायचे. गावात काही चांगलं झालं की गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, वरण करायचं आणि साऱ्या गावानं एका पंगतीत बसायचं, ही इकडची रीत आहे. राहिली होती ती फक्त ताईंची सही.

ताईंची एक पद्धत आहे. संगणकावर काहीही दिसो, त्या घरोघर जाऊन विचारतात. बोरपाणीतही त्या प्रत्येक उंबऱ्यावर गेल्या. एवढा चहा पिऊन त्यांचं पित्त खवळलं, पण एक घर सोडलं नाही. सगळ्यात शेवटचं घर नाल्याकाठी, सिंधूमावशींचं. मावशी एकट्या राहतात. लेक भोपाळला दवाखान्यात नर्स. तिची ड्यूटी सुटेल तेव्हा तिचा फोन यायचा, आणि तो घ्यायला मावशी दुखरे गुडघे घेऊन ओट्यापर्यंत यायच्या. गावातली बाकी माणसं ओट्यावर यायची ती गप्पा मारायलाही यायची. मावशी तेवढ्या एका आवाजासाठी यायच्या.

ताईंनी विचारलं, "मावशी, फोन लागते का घरातून?"

"हाव जी, मस्त लागते."

"मग खुंटीवर पिशवीत काऊन टांगला?"

"असाच. इकडे तिकडे पडते म्हणून."

ताईंनी स्वतःच्या फोनवरून मावशींचा नंबर लावला. खुंटीवरची पिशवी गप्प. फोन बाहेर काढून पाहिला तर त्यावर सिग्नलच्या काड्या पूर्ण भरलेल्या. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मावशी चुलीकडे तोंड करून बसल्या.

मग त्या म्हणाल्या, "सारे म्हणतेत फोनच खराब आहे. पुतण्यानं दुसरा आणून देल्ला, तो बी तसाच. पण मॅडम, तुमी लिहू नका हे. माह्या एका घरापायी ते लोक डब्बा उचलून नेतीन. साऱ्या गावाचं बोलणं बंद होईन. मी जातो नं ओट्यावर. सवय आहे मले."

ताई अंगणात येऊन उभ्या राहिल्या. समोर शाळेचं छप्पर, त्यावर आमची पाटी. त्यांनी मागे वळून पाहिलं तर मावशींच्या कौलांच्या बरोबर वर, टेकडीवर, मोठ्या टॉवरचं टोक. मलाही तेव्हा उमगलं. शाळेवरून पाहिलं तर मावशींचं घर आणि तो टॉवर एकाच रेषेत येत होते. ज्या दिशेला पाटीनं कान बंद केले होते, नेमक्या त्याच दिशेत हे एक घर होतं. पाटीचं बोलणं मावशींच्या फोनपर्यंत पोचत होतं, म्हणून काड्या भरलेल्या. मावशींच्या फोननं दिलेली ओ तेवढी पाटी ऐकत नव्हती, म्हणून तो वाजतही नव्हता.

शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसली. निखिल आदरानंच बोलत होता. "मॅडम, सगळ्या गावाला कव्हरेज आहे. टक्क्यांत पाहिलं तर एक घर म्हणजे काहीच नाही. अहवालात ते दिसणारही नाही."

ताई म्हणाल्या, "ते घर टक्क्यांत राहत नाही, निखिल. नाल्याकाठी राहतं."

सरपंचांनी हात जोडले. "मॅडम, सही करून टाका. मावशीले आमी आणत जाऊ नं ओट्यावर. गाडीवर बसवून आणू."

"आणि तिच्या पोटात दुखलं तं? तवा कोणाले फोन लावन ती, की मले गाडीवर बसवून फोन लावाले घेऊन चला म्हणून?"

ताई आम्हाला घेऊन छपरावर चढल्या. त्यांनी सरपंचांना एक डोळा मिटून बोट समोर धरायला सांगितलं, असं की बोटाआड तो टॉवर लपावा. मग म्हणाल्या, "आता दोन पावलं बाजूला सरका. बोट तसंच राहू द्या."

"बोट सरकलं जी. टॉवर उघडा पडला."

"टॉवर सरकला?"

"तो कसा सरकन? तो तं दूर आहे."

"बस. मावशीचं घर म्हणजे तुमचं बोट. ते जवळ आहे. पाटी दुसऱ्या टोकाले नेली, की मावशीचं घर रेषेतून बाहेर येते, अन् टॉवर जिथल्या तिथं राहते. मग त्याच्यासाठी कान बंद ठेवले तरी मावशीचं ऐकू येईन."

गावाच्या दुसऱ्या टोकाला पक्कं छप्पर एकच होतं, संत्रा भरायचं शेड. सगळ्यांच्या माना सरपंचांकडे वळल्या, कारण शेड त्यांचं. देवरावजींचा चेहरा उतरला.

"शेडवर नाही जमत, मॅडम. आता माल निघून राहिला. व्यापारी पाहतीन, म्हणतीन टॉवरखालचा संत्रा आहे, याले किरणं लागली. आधीच भाव पाडाले बहाणा शोधतेत ते."

ताई वाद घालणाऱ्या नाहीत. त्यांनी किरणांवर व्याख्यान दिलं नाही. त्या म्हणाल्या, "असं करा. माल निघते तोवर मी रोज येतो, पाटीच्या खाली खुर्ची टाकून बसतो, अन् व्यापाऱ्याच्या समोर तुमचा संत्रा मीच खातो."

सरपंच हसले, पण हो म्हणाले नाहीत. तेवढ्यात खालून आवाज आला. सिंधूमावशी काठी टेकत शाळेपर्यंत आल्या होत्या. वर चढता येत नव्हतं, म्हणून अंगणातूनच म्हणाल्या, "देवराव, नको लावू बापू शेडवर. तुह्या मालाचं नुकसान नको माह्यापायी. मॅडमले सांग, सही करा म्हणा."

देवरावजी छपराच्या काठाशी गेले, खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "मावशी, तू घरी जाय. फोनजवळ बस. तुले कोणी बोलावलं इथं?" आणि मागे वळून मला म्हणाले, "रामभाऊ, सांगाडा काढा."

ताईंनी शब्द पाळला. माल निघत होता तोवर त्या पांढुर्ण्याहून बसनं येत आणि शेडमध्ये पाटीखाली खुर्चीवर बसून संत्री सोलत. एका व्यापाऱ्यानं विचारलंच, "ये मॅडम कौन हैं?" सरपंच म्हणाले, "टॉवरवाली मॅडम हैं. सुबह से हमारा संतरा खा रही हैं. तुमको कुछ हुआ दिखता है क्या?" व्यापाऱ्यानं ताईंकडे पाहिलं, हसला आणि स्वतःसाठी एक फळ मागून घेतलं. भाव पाडला की नाही ते देवरावजींना ठाऊक, पण पाटीचं नाव कोणी काढलं नाही.

निखिलनं पाटी नव्या जागेवर नीट जुळवून घेतली. मावशींचा फोन लागला. पण तो सगळे गप्प असताना लागला होता. सगळं गाव एकाच वेळी बोलत असताना नाल्याकाठच्या घराचं ऐकू येतं का, हे पाहायचं राहिलं होतं. ताई म्हणाल्या, साहेबांच्या समोरच पाहू. तोवर सही नाही.

साहेब आले त्या दिवशी रोडग्यांचा बेत. मारुतीजवळच्या संत्र्याच्या बागेत पंगत मांडली होती. साहेबांना मानानं बसवलं. पत्रावळी मांडल्या, तुपाची कासंडी फिरू लागली. आणि पहिला घास घेण्याच्या आधी सरपंचांच्या मनात आलं की पाहुण्यांना आपल्या गावाची शान दाखवावी. त्यांनी उभं राहून सांगितलं, "सारे आपापला फोन लावा, जिथं लावायचा तिथं."

पंगतीतल्या सगळ्यांनी एकदम फोन लावले. आणि कोणाचाच धड लागला नाही. कोणाचा कट झाला, कोणाला घरघर ऐकू आली, कोणी 'हालो हालो' करत राहिलं. साहेब निखिलकडे पाहू लागले. निखिल संगणकाकडे. सरपंच उभ्याचे बसले.

ताई मात्र हसत होत्या. निखिल त्यांच्या कानाशी आला तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, पाटी माणसं दिशेवरून वेगळी ओळखते. आपण सगळ्यांना एका ओळीत, मांडीला मांडी लावून बसवलं. आता ती कोणाला कसं वेगळं ओळखणार?" मग सरपंचांना सांगितलं, "देवरावजी, यायले आपापल्या घरी जाऊ द्या. ओसरीवरून लावू द्या."

पण भरल्या पत्रावळीवरून पंगत उठत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या आधी कोणी हात धूत नाही. सरपंच अवघडले. एकीकडे साहेबांना परत जायची घाई, दुसरीकडे गावाची रीत. ताईंनीच तोड काढली. त्या साहेबांच्या शेजारी पत्रावळीवर बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तपासणी जेवणानंतर. वरणात रोडगा कुस्करून घ्या, नाही तर कडक लागेल." साहेब नागपूरचेच निघाले. त्यांना ते सांगावं लागलं नाही. तूप त्यांनी मागून घेतलं.

जेवणं आटोपली. लोक घराकडे निघाले. ताईंनी आपला फोन बाजेवर ठेवला आणि सगळ्यांना बजावलं, "हा कोणी लावू नका. हा मावशीसाठी आहे."

थोड्या वेळानं गाव बोलू लागलं. बागेत बसूनही ते ऐकू येत होतं. या ओसरीवरून, त्या ओसरीवरून, कोणी जावयाशी, कोणी व्यापाऱ्याशी, कोणी नुसतंच. निखिलच्या पडद्यावर झोत वेगवेगळ्या घरांकडे फाकले होते. साहेब वाकून पाहत होते आणि मान डोलवत होते. बाजेवरचा फोन मात्र तसाच पडून होता. सरपंच दोनदा उठून नाल्याच्या वाटेकडे पाहून आले. मावशींचं घर सगळ्यात लांब आणि पाय सगळ्यात हळू, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कोणाला बसवत नव्हतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ताईंनी पाहिलं नाही. त्या बाजेच्या काठावर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या.

फोन वाजला. ताईंनी तो उचलून साहेबांच्या हातात दिला.

आवाज एवढा साफ होता की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "मॅडम, साहेब जेवले का जी पोटभर? मले पंगतीतून दिसलं, त्यायच्या पानावर भाजी संपली होती अन् दुसऱ्यांदा वाढाले कोणी गेलंच नाही. मी उठू शकत नव्हती. विचारा त्यायले."

साहेब म्हणाले, "मावशी, साहेबच बोलतो. पोट भरलं."

"मंग ठीक आहे," असं म्हणून मावशींनी फोन ठेवला. त्यांना लेकीला लावायचा होता.

ताईंनी अहवालासाठी निखिलकडे हात पुढे केला. सही तिथेच, बाजेवर झाली. पाटी आजही त्या शेडवर आहे.

त्या दिवसापासून मावशींचा ताईंना फोन येत असतो. विशेष काही नसतं. चहा झाला का, पाय कसे आहेत, पांढुर्ण्याला पाणी आलं का. ताई कोणाशीही बोलत असोत, कितीही मोठ्या माणसाशी, तो फोन उचलतात. "शेवटच्या घराचा आहे," एवढंच समोरच्याला सांगतात आणि बाजूला होतात.

ताईंना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत त्यानिमित्त बोरपाणीला पुन्हा रोडगे आहेत. देवरावजींचं बोलावणं आलं आहे. पंगतीत कोणाचा फोन लागणार नाही, हे आता गावातल्या पोराटोरांनाही माहीत आहे, म्हणून फोन घरीच ठेवून या असं बजावलं आहे. पंगत उठेल, माणसं घरी जातील, आणि मावशी हळूहळू नाल्याकडे चालत जाऊन ताईंना फोनवर विचारतील की पोट भरलं का. मारुतीरायाजवळ माझं मागणं एवढंच आहे की पुढे पुष्कळ वर्षं तो फोन असाच येत राहावा, आणि तो उचलायला आमच्या ताई धडधाकट हातापायांनिशी, अशाच हसत, बाजेच्या काठावर बसलेल्या असाव्यात.